सफेदा

मुहर्रकच्या बोळात, हमूदच्या दुकानात
दोन नळ्या समोर.
एक शिशाचा सफेदा,
मागच्या कप्प्यातून काढलेला, हाताला जड.
दुसरा टायटॅनियम. स्वस्त, निर्धोक,
दवाखान्याच्या भिंतीसारखा.

मला दुपार रंगवायचीय,
पोवळ्याच्या दगडाच्या घरांवरची.
ती पांढरी नसते, सायीची असते.
शिशालाच जमते ती.

"घरच्या खिडक्या उघडतात का?" हमूद विचारतो.
नाही उघडत. एसी असतो.

आणि रत्नाकर रात्री ड्रायडॉकवरून येतो
नखांत शेंदूर घेऊन,
जहाजांच्या पोटावरून खरवडलेला.
गावी याच शेंदराने दगडाचा देव होतो.
इथे दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात,
आकडा कागदावर लिहून देतात.
तो कागद त्याने माझ्या ब्रशांखाली ठेवला,
काही न बोलता.

टायटॅनियम घेतला.
तीन दुपारी खडूसारख्या गेल्या.
चौथ्या दिवशी चिमूटभर पिवळी काव,
जवसाच्या तेलाचा एक थेंब जास्त.
साय नाही आली.
पण भिंत तापली.
हात लावून बघ, म्हटलं त्याला,
ओली आहे तरी.