चार गुंठे उतार

तेहतीस वर्षं फौंड्रीत मुठीत वाळू दाबली मी.
दाबायची, उघडायची, मधोमध मोडायची.
कड धारेवर तुटली तर साचा उभा राहणार,
भुगा झाला तर पाणी कमी,
तळव्याला चिकटली तर जास्त.
उद्यमनगरात माझ्या मुठीच्या भरवशावर लोखंड ओतलं जायचं.
म्हणून वाटलं, माती कळते.

कळंब्याच्या वर, कात्यायनीकडच्या अंगाला
चार गुंठे. उतार असा
की हातातलं लिंबू सुटलं
तर खालच्याच्या उसात शोधायचं.
शालन म्हणाली, हितनं तळं दिसतंय.
बस्स. विसार त्याच दिवशी.

निलोफर मुजावर, वय असेल सव्वीस,
बुटांना कालच्या कुठल्या तरी गावचा चिखल,
आली आणि जमिनीकडं बघेचना.
झाडं बघत राहिली.
"काका, तो शिरीष बघा. गुडघ्यात वाकलाय,
मग वर सरळ. कुंपणाचे खांबही तळ्याकडं कललेत.
वरची माती चालतीय. वर्षाला नखभर,
पण चालतीय."
मी जाऊन बुंध्याला हात लावला.
झाड आपलं रोज स्वतःला सरळ करत होतं,
कुणाला न सांगता.

तीन खड्डे. वर एक, मधे एक, खाली एक.
खणायला तिम्मव्वा आणि तिचा दीर.
वरच्यात दोन फुटांवरच पहार टणकन बोलली.
मधल्यात साडेचार फूट, मग तांबूस मुरूम.
तिम्मव्वानं चिमूट जिभेवर ठेवली,
दाताखाली फिरवली, थुंकली.
"करकर हाय. बरी हाय."
निलोफरनं तेच वहीत लिहिलं, जरा लांबवून.

खालचा खड्डा शालनच्या ओसरीचा.
मनातल्या मनात ती तिथं कधीची
चहाची कपबशी घेऊन बसलेली.
आठ फूट गेलो, पहार गपच.
निघत काय गेलं:
कौलांची खापरं, गुऱ्हाळाची राख,
एका चपलेचा तळ, टाके अजून शाबूत,
आणि मग काळी वाळू.

ती मी वासावरनं ओळखली.
जळलेली, साचा फोडून झाडून काढलेली.
अशी वाळू आमच्याकडनं ट्रॉली भरून जायची, अंधार पडल्यावर.
कुठं जाते, तेहतीस वर्षांत विचारलं नव्हतं.
मूठ भरली, दाबली, उघडली.
सगळी बोटांतनं निघून गेली.

"कुणीतरी उतार बुजवून प्लॉट मोठा केलाय," निलोफर म्हणाली.
"घर बारा फूट वर घ्या. पाया खऱ्या जमिनीत,
भरावावर एक वीटसुद्धा नको.
मागं भिंत, भिंतीला भोकं.
पाणी अडवू नका, त्याला वाट द्या."

तळं जरा डावीकडं आहे.
बारा फूट मागं सरलं
की शेजारच्या बंगल्याची टाकी आडवी येते.
शालन तिथं जाऊन उभी राहिली.
टाचा उचलल्या.
परत टेकवल्या.
"टाकी बी निळीच हाय की," म्हणाली.
तिम्मव्वा हसली, पदरानं तोंड पुसलं,
मजुरी मोजून घेतली आणि पहार खांद्यावर टाकून
उतारावरनं अशी गेली
जशी सपाटीवरनं.

आता राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत
खिडकीत लोणच्याच्या तीन बरण्या,
तीन खड्ड्यांची माती, वर पाणी, हलवून ठेवलेली.
खडे लगेच बसले. गाळ जेवणं होईस्तोवर.
बारीक चिकण अजून तरंगतंय,
त्याला एक दिवस द्या, निलोफर म्हणालीय.
शालन तासातासाला उठून बघते.

तिसऱ्या बरणीतलं पाणी काळंच आहे.
"ओतून टाकू का?" तिनं विचारलं.
म्हटलं, राहू दे.
कुठं ओतणार?