निववणं

प्रकल्पाच्या अर्जात शब्द होता ‘उबवण’.
मीही तोच भरला, तीन ठिकाणी.
जूनच्या नऊ तारखेला मोईदूनं बोट
खाडीपलीकडच्या बेटाला लावली,
आणि पहिल्या दहा मिनिटांत तो खोटा पडला.

इथे कुणी काही उबवत नाही.
वाळू चोपन्न अंशांवर. सुरय अंड्यावर बसत नाही,
उभी राहते, पंख सैल, चोच उघडी,
सगळ्या अंगाचं एका अंड्यापुरतं छप्पर करून.
मग उडते, लाटेला पोट घासते,
आणि ते ओलं पोट घेऊन
तशीच, कुठेही न थांबता, परत.

आई दूध असं करायची.
एक पेला वर, एक खाली, मधे पांढरी दोरी.
मी रडत असले तर दोरी लांब.
त्याला आमच्याकडे निववणं म्हणतात.
निबंधात तो बसत नाही. मी ‘औष्णिक नियमन’ लिहिते.

उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर
साडेबाराला काम थांबतं.
तीनपर्यंत उन्हात माणूस उभा करायचा नाही, नियम आहे.
ट्रकच्या पोटाखाली चौघे झोपलेले,
पाचवा बाहेर उरलेला, त्याच्या तोंडावर फ्रिजचा पुठ्ठा.
बेटावर तो नियम लागत नाही.
छत्रीखाली बसून मी लिहिते:
बारा चाळीस, गेली.
बारा सेहेचाळीस, आली.
बारा एकोणपन्नास, गेली.

घरटं एकेचाळीस.
तिचं अंडं कुरवानं नेलं, माझ्यादेखत.
त्या जागी मी माझं ठेवलं. प्लास्टरचं,
पोटात हरभऱ्याएवढा तापमापक,
वरचे ठिपके रात्री ओट्याशी बसून
मीच काढलेले, चहाच्या चोथ्यानं.
परवान्यात त्याला ‘प्रारूप अंडे’ म्हटलंय.
तिनं काहीच म्हटलं नाही.
मान तिरकी करून पाहिलं, चोचीनं जरा वळवलं,
आणि पाणी आणायला गेली.

सप्टेंबरात वर्गात आलेख लावला.
करवतीसारखा. प्रत्येक खाच म्हणजे समुद्राची एक खेप.
जुलै लागतो तसे दात जवळजवळ येतात.
मुलं मोबाइलवर फोटो घेतात,
हे परीक्षेला आहे का विचारतात.
मागच्या बाकावरून मौझा:
डॉक्टर, एकोणीस जुलैला दोन दहानंतर दात का नाहीत?
तिचे आजोबा याच बेटावरून टोपलीभर अंडी आणायचे.
पहिल्याच दिवशी तिनं ते सांगून टाकलं होतं,
कुणी विचारलेलं नसताना.

परत आली नाही, मी म्हटलं.
का?
तक्त्यात त्याला रकाना आहे: ‘कारण अज्ञात’.
यंदा त्यात सदतीस घरटी.
दोन हंगामांवर हवामान बोलता येत नाही, मार्गदर्शक म्हणतात,
तो नुसता उन्हाळा.
त्यांचं बरोबर आहे.
तिसऱ्या हंगामाचे पैसे मंजूर नाहीत.

मग का कोण जाणे, मी फळ्यावर तो शब्द लिहिला, देवनागरीत,
आणि दोन कागदी कपांत पाणी खालीवर करून दाखवलं.
थोडं टेबलावर सांडलं.
मौझानं तो वहीत अरबी अक्षरांत उतरवला.
अरबीत व नाही, ण नाही,
वाचून दाखवला तेव्हा निउअना असं काहीसं झालं.
मी दुरुस्त केला नाही.

माझं कंत्राट मार्चपर्यंत. तापमापकाची बॅटरीही साधारण तेवढीच.
अंडं टेबलाच्या खणात असतं, स्टेपलरशेजारी.
एका बाजूला विष्ठेचा पांढरा डाग, धुतलेला नाही.
तो मोजत राहतो, बंद करायचं राहून गेलं.
काल सहज संगणकाला जोडलं:
एकवीस, एकवीस, एकवीस, एसीचा आकडा,
दिवसरात्र एकवीस.
फक्त मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला, तेहतीस.

आईचा फोन होता तेव्हा.
उकडतं का गं फार, ती विचारत होती.
माझ्या मुठीत काय आहे
हे माझ्या लक्षातही नव्हतं.