दुरुस्तीचा रकाना

पाटनीपुऱ्याच्या चौकात, कचोरीच्या कढईला खेटून
गोलूभियाचं ऑनलाइन दुकान.
एक संगणक, एक प्रिंटर, वर कुरकुरणारा पंखा,
आणि भिंतीवर चिकटवलेला कागद :
शिष्यवृत्ती, मतदार नोंदणी, रेल्वे तिकीट, कुंडली.

मला अठरा पूर्ण होऊन नऊ दिवस झालेले.
हातात पिशवी,
पिशवीत आईनं दोनदा मोजून ठेवलेले कागद.

भिया, दोन फॉर्म भरायचेत.
एक सहा नंबरचा, मतदानाचा.
दुसरा कॉलेजचा, पैशांचा.
'पहले कौन सा?'
ज्याची तारीख आधी संपते तो.

नाव?
बकुळ पोळ.
त्याची बोटं थांबली.
हे अक्षर आपल्याकडे नाही, म्हणाला,
आणि कीबोर्ड माझ्याकडे वळवून दाखवला
जशी दुकानदार रिकामी बरणी दाखवतो.

तर मी बकुल पोल.
पणजोबा कापडगिरणीत लागले
तेव्हा हजेरीपटावर पहिल्यांदा पोल झाले.
कुणी हरकत घेतली नाही.
पगार पुरा मिळत होता.

आता अडतं.
आधारवर मी पी-ओ-एल,
बँकेत पी-ओ-यू-एल,
दहावीच्या गुणपत्रिकेवर पी-ए-यू-एल,
कारण सिस्टर मर्सींना तेच जवळचं वाटलं असणार.
तीन मुली.
तिघींना मिळून एकच शिष्यवृत्ती हवी.

मूळ निवासी दाखला आला, त्यावर छापलेलं : मूल निवासी.
आई हसली. बरोबरच आहे की, मूलच आहेस अजून.
उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र हसली नाही.
लोकसेवा केंद्राच्या रांगेत तिचे दोन खाडे झाले,
भंवरकुव्याच्या मेसवाल्यानं दोन्ही दिवसांचे पैसे कापले.
दाखल्यावरच्या आकड्यात
ते कापलेले पैसेही तिची कमाई म्हणून धरलेले.

मतदार यादीसाठी अंगणवाडीतल्या चौरसिया मॅडम आल्या.
जिना चढून दम लागलेला, रजिस्टर काखेत.
इथंच राहतेस का?
मी तोंड उघडायच्या आत
वरच्या गॅलरीतून खातून आपा ओरडल्या,
'पैदा यहीं हुई है!'
मॅडमनी खूण केली, पाणी प्यायल्या, गेल्या.

देश कुणी चालवायचा, त्यात माझा वाटा ठरायला
एका शेजारणीचा शब्द पुरला.
बी.एस्सी.च्या बाकावर बसायला
अकरा कागद. तेही झेरॉक्स काढून, सही करून.

कार्ड आलं. फोटोत मी कुणीतरी ओरडल्यासारखी.
शिष्यवृत्तीचा अर्जही आला, परत.
शेरा : नाव जुळत नाही.

मग कोर्टाबाहेर, टिनाच्या पत्र्याखाली
एका म्हाताऱ्या टायपिस्टनं मुद्रांकावर उमटवलं
की बकुल पोल, बकुल पौल आणि बकुल पॉल
ही एकच व्यक्ती आहे
आणि हे तिच्या माहितीप्रमाणे खरं आहे.
माझ्या माहितीप्रमाणे!
मी दोनदा वाचलं.

सहीच्या रकान्यात आधीपासून काही छापलेलं नसतं.
तिथं मी पोळ लिहिलं,
ळची दोन्ही गोलं रेघेबाहेर जातील एवढं मोठं.
टायपिस्ट बघत राहिला. काही बोलला नाही.
त्याला सत्तर रुपयांशी मतलब.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या तिसऱ्या खोलीत
एका माणसानं मोठ्यानं वाचलं : बकुल पोल.
मी सवयीनं म्हणून गेले, हजर.
मागची रांग हसली.
बोटाला शाई गार लागली.

रात्री आई मेसवरून आली,
चपला काढता काढता विचारलं, आले का?
पैशांबद्दल विचारत होती.
पोर्टलवर अजून 'प्रक्रियेत'.
मी बोट पुढं केलं.
तिनं ते धरलं, पदर ओला करून घासून पाहिलं.
निघत नाही, म्हणाली. बरं आहे.
मग पिशवी काढून
पुन्हा कागद मोजायला बसली.