बांधाकडचा कोपरा

यंदाही बांधाकडचा कोपरा कापला नाही.
चार हात रुंद, सात हात लांब,
खारजमिनीतला राता, तांबूस, कुसळांचा,
उभाच ठेवला.
एलोजीने विळा धुतला, पुसला, वळचणीला खोचला.
पलीकडच्या खाचरातून धर्मा म्हात्रे ओरडला,
‘मजुरी वाचवतंस का काय रं?’

पहिल्या वर्षी भावाने त्याला समजावलं होतं :
मोशेच्या पुस्तकात आहे, कोपरे आपले नसतात.
‘कोपरा म्हंजे किती?’
किती ते लिहिलेलं नाही.
त्या रात्री एलोजी बराच वेळ जागा होता.

आम्ही पाच जण.
भाऊ, त्याची सिम्हा, मी,
रेवदंड्याहून सायकलवर येणारा दानियेल कंपाउंडर,
आणि त्याची आई, जिला हल्ली ऐकू येत नाही
पण आमेन चुकत नाही.

अलिबागला, आमच्या मशिदीत,
मागच्या बाकावर आम्हांला कोणी काही बोलत नाही.
बोलत नाहीत, हेच बोलणं.
आणि चर्चच्या पाळकबाई मायेने विचारतात,
‘अजून शनिवारच का धरता? ते सगळं संपलं ना?’

संपलं असेल.
पण आजोबांच्या घाण्याचा बैल
शुक्रवारी सांजेला जू उतरलं
की दाराकडे पाठ करून बसायचा,
रविवारपर्यंत कोणी उठवू शकत नसे.
माझं बोट अजून बांगड्यावरून उलटं फिरतं,
खवले आहेत ना ते बघत.
कोळंबीची पाटी दारावरून पुढे जाते,
कोळीण म्हणते, ‘तुमच्या नशिबात न्हाय गो.’
येशूआनेही कधी कोळंबी खाल्ली नसणार,
असं मी पाळकबाईंना म्हटलं
तर त्या आधी गप्प झाल्या,
मग पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

शनिवारी ओटीवर आम्ही रूथ वाचत होतो.
ती खरं तर जवाच्या हंगामातली.
आक्षीला जव पिकत नाही,
म्हणून आम्ही तिला भाताला बोलावतो.
मवाबी, परकी, नवरा गेलेली,
दुसऱ्याच्या शेतात मागे मागे वेचणारी.
तिच्या ओटीतून दाविदाचं घर,
त्या घरातून आमचा तो.

दानियेल दुसऱ्या अध्यायात होता
तेव्हा कोपऱ्यात भात हललं.
कातकरीण. पाठीला पोर. उजव्या हातात पत्र्याचा तुकडा.
सिम्हा उठली :
‘शब्बाथ आहे. आपल्या शेतात कापणी चाललीय.’
एलोजीने बोट ओळीवर तसंच ठेवलं.
मला आठवलं, असाच एक शनिवार,
भुकेली माणसं, चुरलेली कणसं,
आणि त्यांच्या बाजूने उभा राहिलेला तो.
पण ती त्याची माणसं होती,
आणि ही हिला आपलं नावही ठाऊक नाही,
की आम्हांलाच हिचं?
दोन आज्ञा एकाच ओटीवर बसल्या होत्या,
गुडघ्याला गुडघा लावून.

तेवढ्यात म्हातारी, जिने यातलं काही ऐकलं नव्हतं,
दाराशी सरकून ओरडली,
‘मुळाशी धरू नको, वरून घे गं!
कुसळं टोचतील लेकराला!’

कातकरीण दचकली. मग तिने वरून घेतलं.
सिम्हा खाली बसली.
दानियेलने ओळ शोधली, सापडेना,
बवाज त्याच्या गड्यांना काय सांगतो ती.

रविवारी भाऊ बांधावर गेला.
कोपरा मोकळा, ताटं नीट वरून खुडलेली,
फक्त अगदी टोकाला, खाडीकडे,
मूठभर कणसं उभी.
पाखरांसाठी ठेवली असतील.
किंवा पोर रडलं असेल, हात भरून आला असेल.
एलोजी मोजायला वाकला,
आणि न मोजता परत आला.