फक्त वाचण्यापुरतं

हिउमा बेटावरच्या या कचेरीत
दुपारी तीनलाच दिवे लागतात.
मी एकेका फोल्डरपाशी थांबते:
कोणी आत यावं, कोणी नुसतं वाचावं,
खोडायचं कोणी.

हक्क माणसाला द्यायचा नाही,
द्यायचा तो गटाला.
माणसं काय, येतात, जातात.
आणि दहा गटांनी हो म्हटलं तरी
एकाचा नन्ना पुरतो.

आज एंडेलचं खातं पुसलं.
तेहेतीस हिवाळे समुद्रावरच्या रस्त्याचा बर्फ मोजला त्यानं,
भोक पाडून, पट्टी सोडून.
आता त्याच्या फायलींवर मालकाच्या जागी
नाव नाही, लांबलचक आकडा,
बेवारस सामानाला लावतात तसला.

रात्री फोन.
"उर्वे, आज किती भरला गं?
मला उघडत नाहीये."
गप्प राहिले.
मग नवं खातं काढलं, एक गट केला,
नाव ठेवलं 'जुने'.
सभासद एक. हक्क, वाचण्यापुरता.
वरून झिरपत येणारा वारसा
तेवढ्यापुरता तोडला.

सकाळी टेबलावर चिठोरं,
कडा ओल्या, अक्षर पेन्सिलीचं:
"धक्क्यापाशी एकोणीस.
तुमच्या तक्त्यात चोवीस लिहिलंय.
मला तिथं लिहिता येत नाही,
म्हणून चालत आलो."

एकोणीस भरलं. रस्ता बंद केला.
खाली आपोआप उमटलं:
शेवटचा बदल, उर्वे.

चिठोरं हीटरवर वाळत घातलं आहे.
ते कुठल्या फोल्डरात ठेवायचं,
अजून ठरत नाही.