रकाना नऊ

मे संपता संपता माझ्या टेबलावर
दाखल्यांचा गठ्ठा येतो.
बाणेरच्या टेकडीकडे पाठ करून बसलेली ही शाळा.
हिच्या चौदा बहिणी आहेत जगात,
सगळ्यांचा गणवेश एकच निळा,
आणि मुलं एकीतून दुसरीत जातात
कपाटाच्या वरच्या खणातून
खालच्या खणात फाईल जावी तशी.
फारसं काही बदलत नाही, असं आमचं माहितीपत्रक सांगतं.
तेच पुस्तक, तेच पान,
फक्त खिडकीबाहेरचं झाड वेगळं.

झाडाबद्दल माहितीपत्रकात काही नाही.

अकरा वर्षं मी दाखले लिहिते.
जन्मस्थळ: लाइपझिग, उल्सान, कुरितिबा.
पहिल्या वर्षी नकाशात शोधायचे.
आता ती गावं शिरवळ, खेड-शिवापूरसारखी वाटतात,
वाटेत लागणारी, जिथं कुणी उतरत नाही.
शाळा सोडण्याचे कारण: वडिलांचा करार संपला.
हात आपोआप 'वडिलांचा' लिहितो.
एकदा तो आईचा होता,
तेव्हा खाडाखोड झाली, नवा कागद घ्यावा लागला.

रकाना नऊ: कायमचा पत्ता.

इथे सगळे अडतात.
बाई नवऱ्याकडे बघते,
नवरा फोनमध्ये बघतो.
एकाने कंपनीचा पत्ता दिला.
एकीने आईचा, मग म्हणाली,
आई गेली मागच्या वर्षी,
पण असू दे, पत्र कोण पाठवतंय.

गुरुवारी हानूल आली.
चार वर्षांची होती तेव्हा बसमध्ये रडायची,
मालनबाईंच्या पदराला नाक पुसायची.
वडील चाकणला, गाड्यांच्या कारखान्यात.
आता दहाची झाली. पुढचं गाव मेक्सिकोत,
तिथेही आमचीच शाळा, निळीच.
आईबाबा आत निरोप घेत होते.
तिने माझं पेन उचललं
आणि मंगळवारच्या तासाला शिकलेल्या अक्षरांत
जीभ दाताखाली धरून लिहिलं:

'पाशाण. पान्याच्या टाकी समोर.
ईस्त्रीवाले काका आहेत त्यांना विचारा.'

मी म्हटलं, अगं, ते भाड्याचं ना,
रविवारी सोडताय.
ती म्हणाली, हो.
पण काका आहेत.

संगणक हे घेत नाही.
त्याला देश हवा, खाली सरकणाऱ्या यादीतला,
मग आकडे, मग ठिपका.
आणि मी तरी कुणाला सांगणार?
सुतारवाडीत आमचं हे पाचवं घर,
अकरा महिन्यांचा करार,
रेशनकार्ड भोरचं, बँकेत नणंदेचा पत्ता,
आधारवर कोथरूडची ती खोली
जिथं आता मोबाईलचं दुकान आहे.

छापील दाखल्यावर उल्सान गेलं.
तिचा कागद मी फाईलला लावला,
शिक्का मारला, नेहमीसारखाच तिरका,
तो नेमका 'विचारा'वर पडला.

संध्याकाळी वाकडी वाट करून टाकीपाशी गेले.
काका होते.
हातगाडी, कोळसा, रेडिओवर बातम्या,
आणि घड्या घातलेल्या ढिगात वरच
निळे शर्ट, लहान मापाचे, दोन.
त्या जपानी पोरीचे, म्हणाले.
कोरियन, मी म्हटलं.
हां, तीच. बुधवारपासून पडलेत.
येतील ना न्यायला?

येतील, मी म्हटलं.
आणि उगीचच विचारलं,
तुम्ही इथं कधीपासून?

इथं म्हणजे, काका म्हणाले,
या टाकीपाशी का त्या पिंपळापाशी?
पिंपळापाशी होतो आधी. रस्ता रुंद झाला, उठवलं.
आता हेही उठवतील म्हणतात, दिवाळीनंतर.

त्यांनी इस्त्रीवर पाणी शिंपडून पाहिलं,
ती फुसफुसली.
मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले,
काही आहे का द्यायचं?