दुसरा भाग

डुलुथमधल्या त्या घराला आता पिवळा रंग दिलाय.
वर दातांचा दवाखाना. तळघर मात्र
चार दिवसांसाठी भाड्यानं मिळालं.

एकेचाळीस वर्षांनी लोर्ना हाल्वर्सन
त्याच पायऱ्या उतरणार.
तेव्हा धावत उतरली होती, अनवाणी;
आता गुडघ्यात स्टील, मुठीत कठडा,
आणि कठडाही नवा, विमावाल्यांनी बसवायला लावलेला.

दिग्दर्शक पोरसवदा. पहिला भाग त्यानं म्हणे
सोफ्यामागून पाहिला होता, नऊ वर्षांचा असताना.
त्याला तीच भीती हवीय, त्याच मापाची,
शाळेतला स्वेटर काढून
अंगात चढवून बघावा तशी.

"किंकाळी," तो म्हणतो.
लोर्ना तोंड उघडते. खोकला येतो.
पुन्हा खोकला, मग हसू.
तिची जुनी किंकाळी आहे माझ्याकडे,
रिळावरची, धूळबीळ काढून ठेवलेली.
चिकटवली तर कुणाला कळणार नाही.
तिला कळेल.

सातव्या टेकला ती ओरडलीच नाही.
मधल्या पायरीवर थांबली,
खाली अंधारात बघत
शेजाऱ्याची चौकशी करावी तसं म्हणाली,
"तू पण म्हातारा झालास का रे?"

संहितेत हे नव्हतं.
कट कुणी म्हटलं नाही.
माझ्या मीटरची सुई शून्यापाशी थरथरत राहिली,
खालून कुणी उत्तर द्यायला
श्वास घेतल्यासारखी.

चालेल का सिनेमा? मला काय विचारता.
मी फक्त आवाज धरतो.
त्या रात्री मोटेलात
बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपलो,
एकोणसाठ वर्षांचा माणूस.